हरीभाई बाई नव्हता

सांगली,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंगे,

आठ महिने झाले तुला पत्र लिहून. मधे दोनदा फोन झाला, पण त्याला काय बोलणं म्हणायचं! तुझ्या मागे कुकरची शिट्टी, माझ्या मागे सासूबाईंची हाक. पत्र राहिलं ही माझीच चूक. राग काढायचा तर काढ, पण हे सगळं वाचून झाल्यावर काढ. तब्येती बऱ्या आहेत. माझी बीपीची गोळी चालू, ह्यांचा खांदा आता वर जातो, सासूबाई चौऱ्याऐंशीला लागल्या.

आजची तारीख बघितलीस? चाळीस वर्षं झाली गं. तुमच्या मधल्या घरात आपण चकल्या पाडत होतो, दिवाळी आठवड्यावर आलेली. रेडिओवर सांगितलं, संजीवकुमार गेला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हरीभाई?" त्याचं घरचं नाव घेऊन, जसा काही घरातलाच कुणी. तू सोऱ्या फिरवायची थांबलीच नाहीस, ती चकली वाढत वाढत कागदाच्या कडेपर्यंत गेली. आणि मी म्हणाले, "वय झालं होतं ना पण त्याचं." काकूंनी सांगितलं, सत्तेचाळीस. माझ्या बाबांपेक्षा लहान! ज्याला आपण ठाकूर म्हणून, अमिताभचा बाप म्हणून ओळखत होतो तो माणूस म्हातारा कधी झालाच नव्हता, हे त्या दिवशी कळलं. आता तू आणि मी पंचावन्नच्या. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या.

पण मी त्याच्या आठवणीत रडायला बसलेली नाही. झालंय वेगळंच, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून समजणार नाही. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "काम मिळालं ना पोरीला? मग?"

मंगळवारी रात्री सायलीचा फोन आला. हिंदी सिनेमा मिळाला तिला. चार वर्षं झाली बघ, मुंबईत आराम नगरात ऑडिशनच्या रांगा, तिघीत एक खोली, मधे दोन जाहिराती आणि एका मालिकेत नऊ दिवसांची नर्स. आणि आता मोठा सिनेमा, बावीस दिवसांचं काम, नाव पाटीवर. मी देवापाशी साखर ठेवायला उठले सुद्धा. उठता उठता विचारलं, "रोल काय गं?" तर म्हणाली, "हिरोची आई."

हिरो एकतीस वर्षांचा आहे, मंगे. आपली सायली सव्वीस.

तिसाव्या वर्षापासून पासष्टपर्यंत दाखवायचंय म्हणे. विधवा बाई, गिरणीतली नोकरी, पोराला एकटीनं वाढवते, शेवटी आंधळी होते. काम करायला भरपूर वाव आहे, तिचा आवाज असा काही चढला होता की मला पुढचं बोलवेना. पण बोलले. म्हणाले, "नको घेऊस." ती गप्प. मग म्हणाली, "आई, तू हे म्हणतेस? हरीभाईनं घेतला असता." आणि माझ्या तोंडून गेलं, "हरीभाई बाई नव्हता."

फोन ठेवला आणि ताट तसंच राहिलं. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. तुझं होतं.

आठवतंय की नाही? १९८८ चा गणपती. मंडळानं गल्लीत पडदा बांधला होता आणि आपल्याला उशीर झाला म्हणून पुढच्या बाजूला जागा मिळाली नाही, पडद्याच्या मागे पोतं टाकून बसलो. ‘त्रिशूल’. नावं सगळी उलटी, डावखुरा अमिताभ उजवा. येताना तुझं डोकं फिरलं होतं. मी हरीभाईचं कौतुक करतेय की चाळिशीच्या माणसानं कसा बाप उभा केला, खांदे कसे जड केले, आवाज कसा पोटातून काढला. आणि तू एकदम उसळलीस. "बाप झाला म्हणून त्याचं काय बिघडलं? त्याच वर्षी ‘पति पत्नी और वो’मधे बायको आजारी असल्याचं खोटं सांगून सेक्रेटरीच्या मागे लागला. वहिदाचं काय? ती आई झाली की झाली. तुझा हरीभाई बाई असता तर मी बघितलं असतं." मी म्हणाले, तुला अभिनयातलं काही कळत नाही. त्यावर तू चार दिवस बोलली नाहीस आणि विसर्जनाला दुसऱ्याच मुलींबरोबर गेलीस. मला अजून राग आहे त्याचा, फक्त आता तो तुझ्यावर नाही.

मंगळवारी रात्री झोप लागेना म्हणून उठले आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे सगळ्यांच्या जन्मतारखा मांडल्या. हे बघ काय निघालं. ‘त्रिशूल’मधला बाप, संजीवकुमार, ९ जुलै १९३८. त्यानं जिला सोडलं ती वहिदा, १९३८. आणि त्याचा धाकटा मुलगा झालेला शशी कपूर, १८ मार्च १९३८. आई, बाप, मुलगा तिघं एका वर्षाचे, आणि तिघांत लहान कोण, तर बाप! अमिताभ १९४२ चा, म्हणजे बापापेक्षा चारच वर्षांनी धाकटा. कागद हातात धरून मी रात्री दोन वाजता एकटीच हसले. तू असतीस तर हे उठून बसले असते आपल्या आवाजानं.

मग हसू गेलं. कारण पुढचं आठवलं. ‘त्रिशूल’ १९७८ चा. चार वर्षांनी, १९८२ ला, ‘नमकीन’. वहिदा तीन मोठ्या मुलींची थकलेली, पांढऱ्या केसांची आई. आणि हरीभाई कोण? ट्रक ड्रायव्हर, त्यांच्या घरात भाड्यानं राहायला येतो आणि थोरल्या मुलीवर, शर्मिलावर त्याचा जीव जडतो. जी चार वर्षांपूर्वी त्याची प्रेयसी होती तिची मुलगी! आणि त्याच वर्षी ‘अंगूर’मधे दोन दोन तरुण अशोक. तो म्हातारपणात जायचा आणि परत यायचा, मंगे, जसं आपण माहेरी जाऊन येतो तसं. तिच्यासाठी ते दार एकाच बाजूनं उघडत होतं. तू अठराव्या वर्षी हे बघितलंस आणि मी पंचावन्नाव्या वर्षी कागदावर तारखा मांडून.

जयाचंही घे. १९७२ ला ‘परिचय’मधे तो तिचा बाप, त्याच वर्षी ‘कोशिश’मधे नवरा. पुढच्या वर्षी ‘अनामिका’त प्रियकर. ‘शोले’त सासरा. आपण हे कायम त्याच्या कौतुकासाठी सांगत आलो, मी तर सायलीला पाढ्यासारखं पाठ करायला लावलं होतं. काल पहिल्यांदा उलट्या बाजूनं बघितलं. त्या सगळ्यात जया तरुणच आहे. वय फक्त त्याला बदलायला मिळालं.

तू म्हणशील, "आणि ‘आराधना’ गं?" हो. मीही तोच आधार शोधत होते. शर्मिला चोवीस-पंचविशीची, राजेश खन्ना तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि शेवटी ती त्याची आई. फिल्मफेअर मिळालं, पुढे कितीतरी वर्षं हिरॉइन राहिली. ‘मदर इंडिया’ घे. नर्गिस आणि सुनील दत्त दोघं जून १९२९ चे, पाच दिवसांचं अंतर, ती आई आणि तो लेक. पण त्या गोष्टीच त्या बाईच्या होत्या. पहिल्या रिळात ती नववधू, गाणी तिची, शेत तिचं, शेवटची गोळी तिची. लोकांनी तिला तरुण बघितली आणि मग म्हातारी. सायलीची गोष्ट हिरोची आहे. तिचं तारुण्य म्हणजे सुरुवातीची काही मिनिटं, आणि मग हिरो मोठा होऊन धावत येतो.

राखीचं बघ. १९८१ ला ‘बरसात की एक रात’मधे अमिताभची बायको. १९८२ ला ‘शक्ती’, त्याची आई. त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान ती. दिलीपकुमार समोर होता म्हणून घेतला असेल, कुणीही घेईल. पण मग ‘राम लखन’, मग ‘करण अर्जुन’, आईच आई. आणि आपली रीमा लागू! रीमाचं मला सगळ्यात जास्त लागतं. ‘सविता दामोदर परांजपे’ करणारी बाई गं ती. ‘पुरुष’मधे नानासमोर उभी राहायची ताकद होती तिच्यात. १९५८ चा जन्म. तिसाव्या वर्षी ‘कयामत से कयामत तक’मधे जुहीची आई, पुढच्याच वर्षी सलमानची, आणि ‘वास्तव’मधे संजय दत्तची, जो तिच्यापेक्षा एका वर्षानं लहान. काम तिनं एकेक सोन्यासारखं केलं. ‘वास्तव’चा शेवट मी अजून बघू शकत नाही. टीव्हीवर हसवलंही तिनं, मराठीत तर सगळंच केलं. पण हिंदीला एकदा ती आई म्हणून सापडली आणि त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

आता मुख्य सांगते. हे मी सायलीला सांगितलेलं नाही आणि ह्यांनाही नाही.

कॉलेजात पहिल्या वर्षी एकांकिकेत मला आजी दिली होती. तुला नायिका. तुझा तो मोरपंखी परकर मीच इस्त्री करून आणला होता. मला बक्षीस मिळालं, तुला नाही, तू ते मनापासून साजरं केलंस, माझ्यासाठी भेळ आणलीस. दुसऱ्या वर्षी परत आजी. तिसऱ्या वर्षी काकू, तीही विधवा. प्रत्येक वेळी सगळे म्हणायचे, वंदीसारखी म्हातारी कुणाला जमत नाही. तिसऱ्या वर्षी मी सरांना विचारलं होतं, एकदा तरुण मुलीचं काम देता का. ते हसून म्हणाले, "अगं, तुझा हातखंडा आहे तो, तो कशाला सोडतेस?" मी घरी येऊन आईलासुद्धा बोलले नाही. त्या रात्री मी स्वतःला समजावलं की हरीभाईनं बाविसाव्या वर्षी रंगमंचावर म्हातारा केला होता. खरा नट वयाकडे बघत नाही. ‘दस्तक’ आणि ‘कोशिश’ची दोन राष्ट्रीय पारितोषिकं, ‘नया दिन नई रात’मधले नऊ रोल, ‘शोले’, ‘आँधी’, ‘मौसम’ एका वर्षात आणि तिन्हीत केस पिकलेले, वय सदतीस. सगळं तोंडपाठ केलं मी. आणि तुझ्याशी तीस वर्षं भांडले. मला वाटत होतं मी त्याच्या बाजूनं भांडतेय.

आणि तेच मी पोरीच्या डोक्यात भरलं. दहा वर्षांची होती तेव्हा ‘कोशिश’ दाखवला. तो खुळखुळ्याचा प्रसंग आहे ना, बाळापाशी खुळखुळा हलवतात आणि बाळ बघतच नाही, दोघांचा जीव जातो की हेही आपल्यासारखंच बहिरं निघालं, आणि मग कळतं की खुळखुळ्यात खडेच नाहीत. सायली हमसून रडली. मला विचारलं, तो माणूस खरंच मुका आहे का? पुढच्याच रविवारी ‘पति पत्नी’ लागला आणि तो पोराला घेऊन न्हाणीघरात गाणं म्हणतोय! ती उठून उभी राहिली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली. एवढी चिडली होती की ह्यानं मला फसवलं. आणि रात्री अंथरुणात म्हणाली, "आई, मला पण असं फसवायचंय." त्या दिवसापासून सुरू झालं हे. ललित कला केंद्राच्या मुलाखतीतसुद्धा तिनं हेच सांगितलं होतं. मी तिला अर्धंच सांगितलं, मंगे. बाई असशील तर काय होतं ते सांगितलंच नाही, कारण मला ते स्वतःला सांगायचं नव्हतं.

आता तिला नाही म्हणायला लावू? चार वर्षांत हे पहिलं खरं काम. बाकी जी येतात त्यात हिरोच्या मागे नाचणाऱ्या सहा मुलींतली एक. इथे निदान अभिनय आहे. नाही म्हटलं आणि पुढे काहीच आलं नाही तर ती मला कधी बोलून दाखवणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही. हो म्हटलं आणि शिक्का बसला तर? तिसाव्या वर्षी तिला पन्नाशीच्या हिरोची आई म्हणून बोलावतील आणि ती जाईल, कारण भाडं भरायचं असतं. ते कास्टिंगवाले म्हणाले म्हणे, "तुझा चेहरा मॅच्युअर आहे." मॅच्युअर! माझ्या बाबतीत हातखंडा म्हणाले होते.

काल रंगभूमी दिन म्हणून भावे नाट्यमंदिरात गेले होते. दरवर्षी जाते. मागच्या रांगेत बसले, नटराजाची पूजा झाली, भाषणं झाली, माझ्या कानात काही शिरलं नाही. शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती, तिच्या स्पर्धेच्या संहितेत पेन्सिलीनं खुणा करत. मी डोकावून बघितलं तिचं कोणतं पात्र आहे ते. सून होती. मला उगीच बरं वाटलं.

बुधवारी सकाळीच सायलीनं लुक टेस्टचा फोटो पाठवला होता. पासष्ट वर्षांची. केस पांढरे, डोळ्यांखाली काळं, गालावर रेघा, चांगलं केलंय. मी फोटो मोठा करून बघितला आणि पहिली गोष्ट काय दिसली, तर हात. हात सव्वीस वर्षांचेच. बोटं सरळ, नखं गुलाबी, मांडीवर असे ठेवलेत जसे लग्नाच्या फोटोत ठेवतात. आयुष्यभर गिरणीत काम केलेल्या बाईचे हात असे बसत नाहीत, अर्धे मिटलेले राहतात. हरीभाईनं तर ‘शोले’त हातच नसताना सगळं केलं, नुसती मान आणि ती शाल. मी लगेच लिहायला घेतलं, "हात बघ," आणि मग पुसलं. नको म्हणतेय आणि वर शिकवतेय, हे काय!

तिचं उत्तर शनिवारपर्यंत थांबलंय. म्हणजे पंधरा तारखेच्या, ह्या नाही. तोवर तुझं पत्र येईल, सुरत काही फार लांब नाही. फोन करू नकोस, फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. वाटलं तर सायलीला कर. तुझं ऐकते ती, लहानपणापासून म्हणते की मंगलमावशी खरं बोलते आणि आई गोड बोलते.

तुझं विचारायचं राहिलंच. निखिलचा साखरपुडा झाला हे मला वहिनींकडून कळलं, तुझ्याकडून नाही, तेव्हा आठ महिन्यांचं माझ्या एकटीवर ढकलू नकोस. मुलगी गुजराती म्हणे? छान. आता हरीभाईच्या गावची सून तुझ्याच घरात. त्याच्या नावाच्या सभागृहात नाटक बघितलंस का शेवटी, की अजून बाहेरूनच रिक्षा नेतेस? गुडघ्याचं काय ठरलं? भाऊजींना नमस्कार सांग, घारी खायला पाठवायची राहिली तीही पाठवा म्हणावं.

अजून एक. काल रात्री उशिरा सायलीचा मेसेज आला. भांडण नाही, काही नाही. एवढंच लिहिलं होतं, "आजी खाली बसलेली उठते कशी, त्याचा व्हिडिओ काढून पाठवशील?" आज दुपारी सासूबाई मधल्या घरात लसूण सोलत बसल्या होत्या, मी पाणी प्यायच्या निमित्तानं फोन घेऊन उभी राहिले. आधी त्यांनी सालं पदरात गोळा केली. मग डावा तळवा फरशीवर टेकला आणि तशाच थांबल्या, जसं काही जमिनीला विचारतायत. उजवा हात भिंत शोधत गेला, भिंत लांब होती, तो हवेतच राहिला आणि परत गुडघ्यावर आला. अर्ध्यात उठल्यावर त्या थांबतात, मंगे. वाकलेल्या तशाच. पदर सारखा करतात, आणि मग बाकीच्या उभ्या राहतात. एक मिनिट दहा सेकंद. पदरातलं एकही साल सांडलं नाही.

तो व्हिडिओ माझ्या फोनमधे आहे. अजून पाठवलेला नाही. पाठवू का, तेवढं लिही.

तुझी,
वंदी